मुलांना लग्न समजावताना: शब्द कुणाचे, हात कुणाचे

लग्नघरात लहान मुलांच्या वाट्याला दोनच गोष्टी येतात. एक म्हणजे नवे कपडे, आणि दुसरी "मधे मधे लुडबुडू नका" ही ताकीद. चार तास ती कार्यालयभर पळतात, दोनदा आइस्क्रीम खातात आणि घरी येतात. समोर दोन माणसांनी एकमेकांना काय कबूल केलं, दोन घरं एकमेकांची कशी झाली, हे त्यांना कुणी सांगतच नाही. मग लग्न म्हणजे फोटो आणि पंगत एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं तर त्यात नवल नाही.

साधारण ६ ते १२ वर्षांच्या मुलांना हे सगळं छान समजतं. मात्र सुरुवात "आपली थोर परंपरा" अशा भाषणानं केली की तिसऱ्या वाक्याला मूल निसटतं. त्यापेक्षा त्याला प्रश्न द्यावेत. विधी बोलण्याचा असेल तर तीन प्रश्न: कोण बोलतंय, काय कबूल करतंय, आणि कुणासमोर? विधी करण्याचा असेल तर एकच प्रश्न: याला कुणाकुणाचे हात लागले? वचन शब्दांतून दिलं जातं आणि आपलेपणा हातांनी तयार होतो. महाराष्ट्रातल्या हिंदू लग्नातले बहुतेक विधी या दोन खणांत बसतात, आणि काय कुठल्या खणात टाकायचं हे ठरवायला मुलांना मजा येते.

हातांपासून सुरुवात करावी, कारण ते काम आठवडाभर आधी सुरू होतं.

अक्षतांचं काम बिनदिक्कत मुलांवर सोपवा. अक्षतांना अख्खे तांदूळ लागतात, तेव्हा आधी तुटका दाणा वेगळा काढायला बसवा. एका वेळी एक वाटी द्या. जास्त दिले की दहा मिनिटांत कंटाळा येतो. १ किलो तांदळाला २ मोठे चमचे कुंकू आणि जेमतेम २ चमचे पाणी पुरतं. पाणी चमच्यानं मोजूनच घालायला सांगा. हात सैल सुटला की गोळे होतात, आणि ओल्या अक्षता नंतर पांढऱ्या सदऱ्यांवर लाल ठिपके सोडतात. कागदावर पसरून सावलीत दोन-तीन तास वाळवल्या की झालं. पाचेक ग्रॅमची चिमूट धरली तर १ किलोत २०० माणसं होतात. तांदूळ निवडता निवडता एवढंच सांगायचं की हे दाणे मांडवातल्या प्रत्येकाच्या हातात जाणार आहेत. आशीर्वाद फक्त गुरुजी देत नाहीत, आलेला प्रत्येक माणूस देतो, अगदी शेवटच्या रांगेतले शेजारीसुद्धा. अक्षता टाकताना घोळ हमखास होतो: मुलं पहिल्याच "सावधान"ला सगळी मूठ रिकामी करतात, आणि तीही नेम धरून. प्रत्येक मंगलाष्टकाला चारच दाणे, आणि फेकायचे नाहीत, वरून सोडायचे, हे घरीच करून घ्या. जोरात मारलेला दाणा डोळ्यात गेला तर खरंच दुखतं. धान्य पायदळी तुडवलं जातं म्हणून काही घरं आता फुलांच्या पाकळ्या वापरतात. मुलांना हा मुद्दा चटकन पटतो आणि पटू द्यावा.

हळदीत आपलेपणा अगदी डोळ्यांना दिसतो. आधी नवऱ्या मुलाला हळद लागते, आणि त्यातली उरलेली उष्टी हळद नवरीकडे जाते. एकाच वाटीतली हळद दोघांच्या अंगाला लागते, एवढं सांगितलं तरी सात वर्षांच्या मुलाला अर्थ लागतो, कारण उष्टं आपण घरच्यांचंच खातो हे त्याला ठाऊक असतं. गोव्यात ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आधी रोस असतो. तिथे नारळाचा रस अंगाला चोळतात आणि घरचे, शेजारचे एकेक करून पुढे येतात. पदार्थ निराळा, रीत तीच. मुलांना हळद लावू द्यायची तर स्वयंपाकघरातली साधी हळद घ्या. बाजारातल्या रंग घातलेल्या हळदीनं चट्टे उठतात. मुलाच्या कोपराच्या आतल्या बाजूला आदल्या दिवशी ठिपका लावून बघा, आणि नवरा-नवरीच्या गालांना, हातांना, पायांना लावायचं, डोळ्यांच्या वर नाही, हे आधीच बजावा.

देवकाचं, म्हणजे लग्नात पुजायच्या कुलचिन्हाचं, काम मोठ्या मुलांना द्यावं. बऱ्याच घरांत देवक म्हणून पंचपालवी असते, म्हणजे पाच झाडांच्या डहाळ्या. त्यात वड, पिंपळ, आंबा, उंबर ही झाडं बहुधा असतातच, पाचवं घरोघरी बदलतं. काही घराण्यांचं देवक एकच झाड असतं, जसं कळंब, काहींचं मोराचं पीस किंवा शंख. मुलाला घरातल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाकडे पाठवून तीन गोष्टी विचारून यायला सांगा: आपलं देवक काय, कुलदैवत कुठलं, आणि लग्नानंतर तिथे कोण कोण जातं. जेजुरी, तुळजापूर अशी नावं निघाली की जागरण-गोंधळाचा विषय आपोआप येतो. इथे एक सांभाळायचं. देवक, कूळ ही माहिती "आपण कोण" हे सांगायला आहे. "आपण इतरांपेक्षा वरचे" हा सूर त्यात शिरला तर विषय तिथेच थांबवावा. मुलं सूर लगेच उचलतात.

आणि हाच प्रश्न उलटाही विचारायला हवा: हात कुणाचे लागले नाहीत? हळदीला, ओवाळायला सवाष्णींनाच बोलावतात, आणि नवऱ्या मुलाची विधवा आत्या दारामागे उभी राहते, हे मुलं बघतात. बघून गप्प राहतात, पण त्यांच्या लक्षात येतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. हे मुलांना सांगावं. त्याहून बरं म्हणजे आपल्या घरच्या हळदीत आत्याला पहिली हळद लावायला सांगावी. जो विधी माणसं जोडायला आहे त्यात घरचंच माणूस बाहेर ठेवायचं, याचं समर्थन मुलापुढे करता येत नाही. माझ्या मते ते करूही नये.

आता शब्दांकडे. यासाठी जुना आणि उत्तम मार्ग आहे: बाहुला-बाहुलीचं लग्न. भातुकलीत ते पिढ्यान् पिढ्या लावत आले आहेत. लग्नाच्या आधीच्या रविवारी पाऊण तास काढा. मुलांपैकीच कुणाला नवरा-नवरी करू नका. चिडवाचिडवी सुरू होते, मग कुणी काही ऐकत नाही. बाहुल्याच बऱ्या. आठ मुलं असतील तर अशी वाटणी चालते: दोघं अंतरपाट धरतात, एक करवली, एक मामा, एक नवरीचा भाऊ, एक गुरुजी, आणि बाहुल्यांचे आवाज काढायला दोघं. याहून जास्त असतील ती सगळी साक्षीदार. साक्षीदारांना आधीच सांगून ठेवा की शेवटी त्यांना विचारलं जाईल: कोण काय म्हणालं? त्यांना सांगता आलं नाही तर तो भाग पुन्हा होणार. एवढ्यानं खोली शांत होते, आणि लग्नाला माणसं का बोलवायची हे न सांगता समजतं. ऐकणारं कुणी असलं म्हणजे बोललेलं मोडणं जड जातं.

अंतरपाटाला मोठा रुमाल पुरतो. त्यावर कुंकवानं किंवा पेन्सिलीनं स्वस्तिक काढू द्या. बाहुल्यांची तोंडं झाकतील इतक्या उंचीवर तो ताणून धरायचा. मुलांचे हात दोन मिनिटांत खाली येतात, म्हणून दोनच मंगलाष्टकं म्हणा. मग विचारा, पडद्यापलीकडे कोण आहे हे दिसत नसताना दोघांनाही काय मिळतंय? उत्तर बहुतेक वेळा बरोबर येतं: दोघांना तेच शब्द ऐकू येताहेत. पडदा खाली, हार घाला, टाळ्या. खऱ्या मांडवात मुलांना पुढच्या रांगेत बसवलं नाही तर हा क्षण मोबाइल घेतलेल्या पाठींमागे लपतो, तेव्हा जागा आधी धरून ठेवा.

कन्यादानाच्या वेळी मुलीचे वडील नवऱ्या मुलाकडून एक गोष्ट वदवून घेतात. धर्माच्या, पैशाच्या आणि सुखाच्या बाबतीत हिला डावलून जाणार नाही, असं त्यानं कबूल करायचं असतं, आणि तो तीनदा "नातिचरामि" म्हणतो. "मी मर्यादा ओलांडणार नाही." लग्नातलं हे सगळ्यात थेट वचन असूनही बऱ्याच मांडवांत ते ध्वनिक्षेपकाच्या खरखरीत हरवतं. गुरुजींना आधी सांगितलं तर ते थांबून मराठीत अर्थ सांगतात. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी या संस्थेचे पुरोहित, त्यांत स्त्री पुरोहितही आल्या, विधीचा अर्थ मराठीतून सांगतच लग्न लावतात. इथे चुणचुणीत मूल दोन प्रश्न विचारतं. ताई काय वस्तू आहे का, दान करायला? आणि ताई का नाही म्हणत नातिचरामि? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. खरं उत्तर द्या: हा विधी जुन्या काळचा आहे, तेव्हा मुलीची जबाबदारी एका घराकडून दुसऱ्या घराकडे जाते असं मानत. आज काही घरं कन्यादान गाळतात, काही ठिकाणी दोघंही तेच वचन म्हणतात. "असं विचारायचं नसतं" हे एकच उत्तर वर्ज्य.

विवाहहोमात साळीच्या लाह्या नवरीच्या ओंजळीत तिचा भाऊ घालतो आणि त्या अग्नीत अर्पण होतात. भाऊ लहान असेल तर हे काम त्याचंच, आणि त्याला ते आयुष्यभर लक्षात राहतं. सासरी जाणाऱ्या बहिणीचा हात या घरानं सोडलेला नाही, असा त्याचा अर्थ लावून द्यावा. कानपिळीही त्याचीच: नवऱ्या मुलाचा कान पिळून बहिणीला नीट सांभाळा म्हणायचं आणि मानपान घ्यायचा. लाह्या घालताना त्याच्या अंगावर सुती कपडे असावेत, उपरणं खोचलेलं असावं, तूप घालायचं काम त्याच्याकडे नसावं, आणि मोठं माणूस हाताच्या अंतरावर असावं. घरच्या खेळात आग नकोच. मोठ्या माणसानं निरांजन लावून लांब ठेवावं आणि लाह्या रिकाम्या वाटीत टाकाव्यात.

सप्तपदीवर मात्र वेळ घालवा. पहिली दुरुस्ती इथेच करावी लागते, कारण मालिका आणि हिंदी सिनेमे पाहून मुलं सात फेरे धरून बसलेली असतात. आपल्याकडे अग्नीभोवतीच्या प्रदक्षिणा लाजाहोमाबरोबर, म्हणजे वरच्या लाह्यांच्या होमाबरोबर, होतात. सप्तपदी म्हणजे तांदळाच्या सात लहान राशींवरून पुढे टाकलेली सात पावलं. दुसरी दुरुस्ती मोठ्यांसाठी: लग्नपत्रिकांत आणि मोबाइलवर फिरणारी लांबलचक "सात वचनं" निरनिराळी असतात. आश्वलायन गृह्यसूत्र या घरगुती संस्कारांच्या प्राचीन ग्रंथातल्या मंत्रात प्रत्येक पावलाला एकेकच गोष्ट आहे: पहिलं अन्नासाठी, दुसरं बळासाठी, तिसरं समृद्धीसाठी, चौथं सुखासाठी, पाचवं संततीसाठी, सहावं ऋतूंसाठी, आणि सातव्या पावलाला "सखा" हो. इतकं सुटसुटीत असताना वेगळं काही शिकवायची गरज पडत नाही.

घरी करताना फरशीवर तांदूळ टाकले तर मुलं घसरतात, आणि अन्नावर पाय नको असं कित्येकांना वाटतंच. खडूनं किंवा रांगोळीनं सात वर्तुळं काढा, दोन वर्तुळांत एक फूट अंतर. प्रत्येकात चिठ्ठी ठेवा: अन्न, बळ, समृद्धी, सुख, संतती, ऋतू, सखा. मुलं एकेक पाऊल पुढे टाकतात आणि त्या शब्दाचं घरातलं एक काम सांगतात. अन्नाला कुणी "भाजी आणणं" म्हणतं, कुणी "डबा भरणं". मग लगेच विचारायचं: आपल्या घरी हे कोण करतं, आणि दोघांनी मिळून करता येईल का? ऋतूंवर मुलं अडतात. त्यांना पावसाळ्यात गळणारं छप्पर, उन्हाळ्यात भरून ठेवायचं पाणी, थंडीतलं आजारपण आठवून द्या. सगळे दिवस सारखे नसतात आणि सगळ्यांत बरोबर राहायचं, हे तिथून उमगतं. संततीपाशी घाई करू नका. मूल नसलेली जोडपी ओळखीत असतात, मूल दत्तक घेतलेलीही असतात, तीही घरंच आहेत, हे इथेच सांगून टाकावं.

बारा वर्षांच्या मुलाला कायदाही सांगता येतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ मध्ये म्हटलंय की ज्या रीतीत सप्तपदी आहे तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण आणि बंधनकारक होतं. सहाव्या पावलापर्यंत ते झालेलं नसतं, हे ऐकून मुलं थक्क होतात आणि खऱ्या लग्नात श्वास रोखून पावलं मोजतात.

एवढ्यावर थांबलात तर मुलाला वाटेल की लग्न म्हणजे एवढंच. वर्गातल्या मित्रांच्या घरी वेगळ्या रीती असतात, तेच तीन प्रश्न तिथेही लावून बघावेत. सत्यशोधक समाजाची स्थापना सप्टेंबर १८७३ मध्ये झाली आणि त्याच डिसेंबरात पुण्यात भटजीशिवाय पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. जोतीराव फुल्यांनी लिहिलेल्या मंगलाष्टकांत वधू-वर स्वतः एकमेकांशी बोलतात. वधू स्त्रियांच्या हक्कांबद्दल विचारते आणि वर कबूल करतो. कोण बोलतंय या प्रश्नाचं याहून स्पष्ट उत्तर नाही. बौद्ध विवाहात त्रिशरण-पंचशीलानंतर दोघंही एकमेकांना वचनं देतात. सिगालोवाद सुत्तात, म्हणजे बुद्धाच्या एका उपदेशात, पतीची पाच आणि पत्नीची पाच कर्तव्यं सांगितली आहेत, तीच त्यांच्यामागे असतात. मुलांना मोजायला सांगा, दोन्ही बाजू सारख्या निघतात. निकाहात साक्षीदारांसमोर दोघांना विचारतात आणि "कबूल" हा शब्द ऐकल्याशिवाय पुढे जात नाहीत. मेहेर ठरते, ती बायकोच्या हक्काची असते. नोंदणी विवाहात, म्हणजे १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं, आधी ३० दिवसांची नोटीस लागते आणि तीन साक्षीदारांसमोर दोघं एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारतो असं म्हणतात. अक्षता नाहीत, वाजंत्री नाही, तरी तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळतात. हे मुलांनी स्वतः शोधून काढलं की जास्त पक्कं बसतं.

लग्नानंतर घरात आलेल्या वहिनीकडून उखाणा ऐकायची पोरांना भारी हौस. पूर्वी नवऱ्याचं नाव एरवी तोंडानं घ्यायची रीत नव्हती, उखाण्यात मात्र सगळ्यांसमोर घ्यायचं. दादालाही घ्यायला लावा, आणि त्याचा उखाणा मुलांनीच रचू द्या. दोन ओळी, शेवटी यमक, मधे नाव, आणि त्यात नवऱ्या मुलाचं एक काम आलंच पाहिजे असा नियम घाला. असं काहीतरी तयार होतं:

दाराला तोरण, हाताला कंकण,
___चं नाव घेतो, मीच वाटतो पुरण.

गृहप्रवेशाला माप ओलांडून झालं, लक्ष्मीपूजन झालं की काही घरांत ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितात. "नाव का बदललं?" हा प्रश्न तेव्हा येणारच. काही जणी आवडीनं बदलतात, काही बदलत नाहीत, आणि बदलायलाच हवं असा कायदा नाही, हे तिन्ही सांगावं. त्याच ताटात दोघांची आहेत ती नावं शेजारी शेजारी लिहिली तर विधीही राहतो आणि मुलांपुढे चांगला पायंडा पडतो.

रुखवत बघताना "हाच हुंडा का?" असं कुणी मोठ्यानं विचारलं तर गप्प करू नका. कुणी मागितलं म्हणून द्यावं लागलं तर तो हुंडा, आणि १९६१ पासून तो गुन्हा आहे. मावशीनं आपण होऊन विणलेलं तोरण हा हुंडा नव्हे. दहा वर्षांच्या मुलाला एवढा फरक व्यवस्थित कळतो. तसंच मुलगी १८ ची आणि मुलगा २१ चा झाल्याशिवाय लग्न लावता येत नाही, हेही याच वयात कानावर घालावं.

राहता राहिली पाठवणी. त्याआधी ‘झाल’ नावाचा विधी असतो: वेळूच्या टोपलीत दिवे लावून ती सासरच्या माणसांच्या डोक्यावर धरतात आणि मुलगी त्यांच्या हवाली करतात. नवरीची आई रडते, मग मावश्या रडतात, आणि पाच-सहा वर्षांचं मूल घाबरतं. ताईला कुठे नेताहेत, ती परत येणार की नाही, याची त्याला खरीच धास्ती वाटते. त्यावर "रडू नकोस" म्हणून भागत नाही. आदल्या दिवशीच सांगून ठेवावं की उद्या संध्याकाळी सगळे रडतील आणि त्यात वाईट काही झालेलं नसेल. मांडवपरतणीला ताई कधी येणार तो दिवस दिनदर्शिकेवर मुलाकडूनच खुणेनं मांडून घ्यावा, आणि ताईचा फोन रात्री किती वाजता येणार तेही ठरवून द्यावं. ताईलाही हे आठवणीनं सांगा, कारण वरातीच्या गडबडीत ठरलेला फोन राहून जातो आणि इकडे मूल जागं असतं.